उजव्या बाजूचं चाक

ता. ३ जानेवारी

चि. भावोजींस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र उघडल्याबरोबर तुम्ही आधी खाली सही कुणाची ते बघितलं असणार. ह्यांची नाही, माझीच आहे. नाक मुरडून झालं असेल तर पुढे वाचा. फोनवर तुम्ही 'बरं' म्हणता आणि ठेवून देता, म्हणून हा खटाटोप.

बातमी मोठी आहे. गाडी विकायची ठरली. ह्यांनी स्वतःच ठरवलं, मी एका शब्दानं बोलले नव्हते. ह्यांच्या हातांचं मागे लिहिलं होतं. आता कप बशीवर टेकवला की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले की हा आजार मागे फिरणारा नाही, फार तर त्याची चाल मंद करता येईल, आणि मोटार चालवणं आता बंद. घरी आल्यावर हे सरळ गॅरेजमध्ये गेले, गाडीवरची चादर काढली आणि स्टुलावर बसून राहिले. मी दोनदा चहा नेला, दोनदा तसाच परत आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाहिरात लिहायला घेतली.

ती जाहिरात तुम्ही वाचायला हवी होती. 'ब्रिटिश बनावटीची दोन आसनी उघडी स्पोर्ट्स मोटार, गर्द हिरवी, तारांची चाकं, भंगारातून उचलून पूर्ण नव्यानं उभी केलेली' इथवर ठीक होतं. पुढे तिला थंडीत कसं चुचकारायचं, चढावर तिच्याशी घाई का करायची नाही, कुठल्या आवाजाला घाबरायचं आणि कुठल्याला नाही, असं दीड पान. वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या मुलीनं फोन करून विचारलं की ही मोटारीची जाहिरात आहे की लग्नाची. शेवटी एक वाक्य होतं, 'दोघा भावांनी मिळून केलेलं काम.' हे तुम्हाला सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे, म्हणून सांगते.

त्या मोटारींच्या मासिकात गाडीचा फोटो आला तेव्हा खाली एकट्या ह्यांचं नाव छापलं आणि तुमचा नुसता कोपर दिसत होता, हे मला मान्य. ह्यांनी तेव्हाच लिहून दुरुस्ती करायला हवी होती, हेही मान्य. पण एका कोपरावरून सख्खे भाऊ तोंड फिरवून बसलेले मी दुसरे पाहिले नाहीत. दोघेही मनात झुरता आणि दोघेही मूग गिळून बसता.

गिऱ्हाईक मिळालं आहे. दातांचे डॉक्टर आहेत. बॉनेट उघडून असे वाकले की मला वाटलं, आता गाडीला आ करायला सांगतात. त्यांना पसंत पडली. फक्त मागच्या चाकांतून घरघर येते, तेवढी काढून द्या म्हणाले. म्हणजे दोन्हीकडची बेअरिंगं बदलायची. तुमची रीत मला पाठ आहे. डावी बाजू दादाची, उजवी बारक्याची. आपापला ट्रे, आपापलं रॉकेल, आणि दुसऱ्याच्या बाजूला बोटसुद्धा लावायचं नाही. आमची चिमणी लहान असताना तुम्हा दोघांच्या मधून हातोडी इकडून तिकडे न्यायची, तीच काय ती दोन्ही बाजूंना फिरायची.

तर उजवी बाजू रिकामी आहे, या. इकडचा लोभ आहे तसाच आहे, तिकडून थोडासा आला तर बरं वाटेल.

तुमची,
वहिनी

ता. ११ जानेवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सही आधी बघितली, हे तुम्ही बरोबर ओळखलंत.

दादाच्या हातांचं वाचून चैन पडेना. तो साचे करायचा त्या कारखान्यात लोक त्याचे हात बघायला यायचे हो. लाकडाचा साचा असा करायचा की ओतलेलं लोखंड घासावंच लागायचं नाही. त्या हातांना कप धरवत नाही, हे मला डोळ्यांपुढे आणवत नाही.

यायचं म्हणता. माझ्याकडे सध्या इस्पितळाच्या दोन लिफ्ट उघडून पडल्या आहेत. रुग्णांना खुर्चीसकट उचलून जिना चढवतात आणि वर गेल्यावर मला शिव्या देतात. त्या सोडून निघालो तर मला परत घेणार नाहीत.

पण हे अर्धंच कारण, आणि तुमच्यापाशी अर्धं सांगून भागत नाही. मला नाव नको होतं. दादानं फोन उचलून 'अरे, त्यांनी चूक केली' एवढं म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तो म्हणाला नाही. उलट मासिकाच्या चार प्रती विकत आणल्या, हे मला चिमणीकडून कळलं. दादा चेष्टेत म्हणायचा की उजव्या बाजूचं सगळं उलटं असतं, चाकाचा नटसुद्धा उलटा फिरतो, आणि त्या बाजूला बसून बसून बारक्याही तसाच झालाय. झालो असेन. तो एक ओळ लिहू दे, 'ये' म्हणून. लिफ्ट गेल्या खड्ड्यात, मी त्याच दिवशी निघतो.

तब्येतीला जपा. मी दूर आहे म्हणून मला उणा समजू नका.

आपला,
धाकटा दीर

ता. १९ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षराला हसू नकोस. एक ओळ लिहायला पेन दोनदा खाली ठेवावं लागतं.

मागची बेअरिंगं मागवली आहेत. जुन्यांचे नंबर घासले गेलेत, पण माझ्या मापानं ती हीच असावीत. तेलाची सीलं पण बदलतो, उगाच पुन्हा उघडायला नको. गिऱ्हाईक सज्जन आहे. गाडी गॅरेजमध्ये ठेवणार, पावसात काढणार नाही म्हणाला. रंगाला पॉलिश करून घेतलं आहे. डावीकडच्या दारावर तुला एक टवका आठवत असेल, तो आता दिसत नाही.

डावी बाजू मी पुढच्या आठवड्यात काढायला घेतो. उजवी तूर्त तशीच आहे.

तुझ्या वहिनीनं तुला काय लिहिलं ते मी विचारलं नाही. ती सांगत नाही. लिफ्टच्या कामात तोल सांभाळ. उंचावरचं काम आहे.

दादा

ता. २७ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बेअरिंगं तू म्हणतोस तीच आहेत. सीलं बदलतोयस ते बरं करतोयस.

पत्र दोनदा वाचलं. त्यात बोलावणं कुठे आहे का शोधलं, सापडलं नाही. लिफ्टचं काम आटपलं की बघतो.

वहिनींना नमस्कार.

बारक्या

ता. ८ फेब्रुवारी

चि. भावोजींस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमचं कोरडं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घातली आणि पाकिटात परत ठेवलं. मग म्हणाले, त्याला काम आहे. 'उजवी तूर्त तशीच आहे' हे त्यांच्या भाषेत 'ये' होतं, हे तुम्हाला कळत नाही असं मला वाटत नाही. तुम्हाला सगळं कळतं आणि तरी हट्टाला पेटता. दोघांचे कान धरून एका खोलीत कोंडायला हवं होतं, तेव्हा माझ्या अंगात ताकद होती. आता राहिली नाही.

असो. शेवटी ह्यांनी दोन्ही बाजू एकट्यानं केल्या. किती दिवस लागले विचारू नका. स्क्रू हातातून सुटायचा, जमिनीवर घरंगळायचा, मी खराट्यानं शोधून द्यायचे. सगळे भाग मोठ्या ट्रेमध्ये रॉकेलमध्ये बुडवून मीच ब्रशनं घासले. माझ्या नखांतला काळेपणा अजून जात नाही. उजव्या बाजूला बसले तेव्हा ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, ह्या बाजूनं गाडी वेगळीच दिसते गं, मी इथं कधी बसलोच नव्हतो. मला फार वाईट वाटलं. पण काम पुरं केलं. घरघर गेली असावी, चाक हातानं फिरवलं तर आवाज येत नाही.

आता माझी बातमी. इतक्या वर्षांत मी त्या गाडीत एकदाही बसले नाही, हे तुमच्या कुणाच्या लक्षात आलंय का? जागा दोन, भाऊ दोन, आणि तुमचं फाटल्यावर शेजारची जागा ह्यांनी रिकामीच ठेवली. मी आपली दारात उभी राहून हात हलवणारी. परवा मी सांगितलं की डॉक्टर रविवारी गाडी न्यायला येणार, त्याच्या आधी मला एक चक्कर हवी. हे म्हणाले, मला चालवायची मनाई आहे. मी म्हटलं, नदीकडच्या रस्त्यानं पुलापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं, सकाळी तिथं कुत्रंसुद्धा नसतं, आणि तुम्ही स्टिअरिंग धरलंत की हात तसे थरथरत नाहीत, मी खिडकीतून बघितलंय. हसले. गेल्या वर्षात पहिल्यांदा हसले.

तर शनिवारी सकाळी आम्ही निघणार. डोक्याला बांधायला रेशमी रुमाल काढून ठेवलाय. चिमणी म्हणते, आई, या वयात हे काय. तिला म्हटलं, याच वयात.

कसं झालं ते लिहीनच. तुम्ही मात्र आता गाडीचं निमित्त नसलं तरी या. माया आटलेली नाही, फक्त वाट बघून बघून थकली आहे.

तुमची,
वहिनी

ता. १४ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आई गेल्यावर तुम्ही आलात, एक रात्र राहिलात आणि सकाळी निघून गेलात. तेव्हा कुणालाच काही विचारायचं भान नव्हतं. आता विचारते.

मी महिनाभर रजा काढून इथेच आहे. बाबा जेवत नाहीत. म्हणजे मी भरवलं तर गिळतात, स्वतःच्या हातानं घास घेत नाहीत. दिवसभर खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतात. काढा म्हटलं तर मान हलवतात. एकदाच बोलले, ह्या हातांनी तुझ्या आईला मारलं. पोलिसांच्या कागदातही तेच आहे. पुलाच्या उतारावर चालकाचा आजारपणामुळे ताबा सुटला, गाडी फिरून कठड्यावर आदळली, त्यात उजवं मागचं चाक निखळलं. बाबांवर खटला भरणार नाहीत, वय आणि आजार बघून सोडून दिलं. बाबांना ते जास्त लागलं. शेजारचे येतात आणि म्हणतात की तुमचा दोष नाही, आजाराचा दोष आहे. ते गेले की बाबा भिंतीकडे तोंड करून झोपतात.

काल रात्रीचं औषध त्यांनी जिभेखाली ठेवून नंतर थुंकलं. उशीखाली आणखी गोळ्या सापडल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत.

दातांचे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. गाडी आहे तशी घेतो म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले. नंतर लक्षात आलं की पोलिसांकडून परत येऊन ती आमच्या नजरेस पडू नये, म्हणून बिचारे न्यायला आले होते.

आता मुद्द्याचं. तुम्ही निघालात त्या सकाळी स्टेशनवर जाण्याआधी पोलिसांच्या आवारात गेला होतात. तिथला हवालदार सांगत होता की तुम्ही गाडीच्या चाकापाशी बराच वेळ खाली बसला होतात. तिथं तुम्ही काय बघितलंत? आई माझी होती. मला सांगा.

तुमचाच आधार आहे, तो काढून घेऊ नका.

चिमणी

ता. २२ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला खोटं सांगणार नाही. सांगितल्यावर तू मला काय म्हणशील ते म्हण.

ताबा सुटल्यामुळे चाक निघालं नाही. चाक निघाल्यामुळे ताबा सुटला. दादाचे हात तेव्हा स्टिअरिंगवर असणार आणि त्यांनी धरायचं तेवढं धरलं असणार.

त्या गाडीच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो. डाव्या बाजूचे आटे सुलटे, उजव्या बाजूचे उलटे. त्यामुळे गाडी पुढे धावते तसा नट आपोआप आवळत जातो. हे आटे हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर असतात. तो हब जर एका बाजूचा दुसऱ्या बाजूला बसला, तर तोच नट धावता धावता सुटत जातो. आवारात डावं चाक अजून जागेवर होतं. मी नटाला हात लावला. जो तांब्याच्या हातोडीनं ठोकल्याशिवाय हलत नाही, तो माझ्या दोन बोटांनी फिरला. आणि फिरला तो उलटा, माझ्या बाजूसारखा. डावीकडे माझा हब होता. उजवीकडे दादाचा. नट आपापल्या हबबरोबरच गेले, म्हणून बसवताना काही अडलं नाही.

बेअरिंगं बदलताना दोन्हीकडचे भाग, हबसकट, एकाच ट्रेमध्ये धुतले गेले. वहिनींनी मला ते लिहिलं होतं, आणि मी वाचून पत्र फळीवर ठेवलं. मला काही सुचलं नाही. दुसरा कुणीही भागावर खडूनं डावं-उजवं लिहितो. आम्ही कधी लिहिलं नाही, कधी गरज पडली नाही. समोर मी बसलेला असायचो, तीच खूण होती. दादाला दुसरी खूण ठाऊकच नाही. मी गेलो असतो तर ते दोन ट्रे वेगळे राहिले असते आणि तुझी आई आज तुझ्याशी भांडत असती. मी एका शब्दासाठी अडून बसलो होतो.

आता दादाला काय सांगायचं. हात निर्दोष आहेत म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणारच की मग चाक का निघालं. खरं सांगितलं तर त्याला कळेल की आजारानं नाही, त्याच्या कामानं तिला नेलं. तो साचेवाला आहे. तो आजाराखाली कसाबसा तगेल, ह्याखाली नाही.

म्हणून सोबत दादासाठी दुसरं पत्र आहे. त्यात लिहिलंय ते घडलेलं नाही. तू आधी वाच. नको वाटलं तर फाडून टाक, मी विचारणार नाही. द्यायचं ठरवलंस तर त्याआधी दातांच्या डॉक्टरांना बोलाव, इंजिन त्यांना दे आणि बाकीची गाडी मोडीत जाऊ दे. दादाला ती बघायला मिळता कामा नये, तो एका नजरेत ओळखेल.

तू रागाव, पण त्याला जेवायला घाल.

काका

ता. २२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी लवकर लिहायला हवं होतं, धीर झाला नाही.

तुझ्या हातांनी काही झालेलं नाही. मी आवारात जाऊन गाडी बघितली. उजवं मागचं चाक आदळल्यावर निघालेलं नाही, आदळण्याआधी निघालं. हबच तुटला. भंगारातून गाडी उभी करत होतो तेव्हा त्या हबला आतून केसाएवढा तडा होता. नवा मिळायला महिने लागले असते आणि मला घाई झाली होती. मी तो वेल्डिंगनं बुजवला आणि घासून असा साफ केला की तुलाही दिसला नसता. तुला सांगितलं नाही. माझ्या बाजूला तू बघायचा नाहीस, हे मला माहीत होतं.

बेअरिंगं तू नीट बसवली होतीस. दोन्हीकडची. मी तपासली.

मी क्षमा मागत नाही. तू जेव.

बारक्या

ता. ९ एप्रिल

बारक्या,

चिमणीनं तुझं पत्र दिलं. बरेच दिवस स्वतःजवळ ठेवलं होतं म्हणाली. आधी तिनं वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं.

तो उतार मी रोज आठवत होतो. स्टिअरिंग घट्ट धरलं होतं असं आठवायचं, आणि मग वाटायचं की ही आठवण मीच बनवली आहे, सोयीची म्हणून. आता कळलं की मी धरलं होतं. ती काहीतरी बोलत होती, रुमाल उडत होता, मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, सगळं लक्ष रस्त्यावर होतं. एवढं मला परत मिळालं.

परवापासून हातानं जेवतो. सांडतं पुष्कळ. चिमणी ताट पुसते आणि रडते, का ते सांगत नाही. औषध घेतो. डॉक्टर म्हणाले, अजून बरीच वर्षं आहेत. ती कशाला हवीत ते माहीत नाही, पण आहेत म्हणतात.

तुझा हब मी ह्याच हातांनी पुसून परत बसवला. उलटून पाहिला नाही. बारक्याचं काम आहे, बघायचं काय त्यात, असं मनात म्हटलं होतं. तुझी वहिनी शेजारीच ब्रश घेऊन बसली होती. तिनं पण हेच म्हटलं, भावोजींचं काम चोख असतं. तू काय बुजवलंस आणि कुणापासून लपवलंस, ते तुला कळावं म्हणून लिहितो.

मासिकात तुझं नाव आलं नाही, त्याची मला इतकी वर्षं शरम वाटत होती. शरमेपोटीच तुला 'ये' म्हणवलं नाही. ती शरम आता वाटत नाही.

इंजिन दातांच्या डॉक्टरांनी नेलं, बाकीचं मोडीत गेलं. गॅरेजला कुलूप लावलं आहे. तू इकडे येऊ नकोस. मी गेल्यावरही येऊ नकोस, चिमणीला तसं सांगून ठेवलं आहे. पत्र पोचल्याचं कळवू नकोस.